तीन वाजताची बाई

काकूंना यंत्राने पहिल्यांदा जाब विचारला तो एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी.

"दोन दिवस दिसला नाहीत," पडद्यातली बाई म्हणाली. "बरं नव्हतं का?"

घरात दुसरं माणूस नव्हतं. काका वाचनालयात गेले होते. दाराला आतून कडी होती, खिडकीचा पडदा ओढलेला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता तेवढीच काय ती हालचाल. काकू उभ्याच राहिल्या. बरं नव्हतं हे खरंच होतं. रविवारपासून कंबर धरली होती. पण ही गोष्ट त्यांनी काकांनाही धड सांगितली नव्हती, मग ती या संगणकाच्या टेबलापर्यंत गेली कशी? शेजारणीने विचारपूस केली तर माणसाला बरं वाटतं. टेबलाने केली तर घाम फुटतो.

"हरकत नाही," बाई म्हणाली. आवाज गोड होता, पण त्याला वय नव्हतं, आणि बोलताना ती बाई कधी श्वास घेत नसे. "आपण 'भ' वर थांबलो होतो. म्हणा, भ."

"भ," काकू म्हणाल्या. न म्हणून सांगतात कुणाला.

काकूंना वाचता येत नव्हतं. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे खुद्द काकूंना. तशी जगात वाचता न येणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचं काही अडत नाही. पण काकूंचा नवरा छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होता. निवृत्त झाल्यावरही त्याच्या खिशातलं लाल पेन निवृत्त झालं नाही. लिफ्टवर कुणी 'लिफ्ट बंद आहे' असं लिहून चिकटवलं तर लोक जिन्याने जात. काका आधी चुका दुरुस्त करत आणि मग जिन्याने जात. इमारतीत त्यांना शुद्धकाका म्हणत. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच ताटाला ताट लावून, एक निरक्षर बाई एक्केचाळीस वर्षं राहिली होती. लग्न ठरताना माहेरच्यांनी 'सातवी पास' असं ठोकून दिलं होतं. सही तेवढी गिरवून घेतली होती. बाकी सगळा संसार काकूंनी चष्म्यावर निभावला.

"अहो, चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे. तुम्हीच वाचा ना."

काका वाचत. वाचून संपलं की चष्मा सापडे. एक्केचाळीस वर्षं असंच. रोज सकाळी काका अग्रलेख मोठ्याने वाचून विचारत, "तुला काय वाटतं?" आणि काकूंना काय वाटतं ते ऐकून मान डोलवत. काकूंना भीती होती ती याच प्रश्नाची. इमारतीला कळलं तर लोक चार दिवस हसले असते आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या कुणाला हसले असते. पण काकांना कळलं, तर ते पुन्हा कधी "तुला काय वाटतं" असं विचारतील का?

ती बाई मात्र आपणहून आली होती. अडीच महिन्यांपूर्वी काकूंनी धूळ पुसायला यंत्रावरचं विणलेलं झाकण काढलं, हात कशालातरी लागला, पडदा उजळला आणि त्यावर हे थोरलं 'अ' उभं होतं. "या, बसा," आवाज आला. "इथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. नाव सांगायची गरज नाही." काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बसल्या. हजारो पानं म्हणे असतात त्या यंत्रात. त्यातलं नेमकं हेच पान, नेमकं त्यांच्याच हाताखाली का उघडावं? विचार केला की अंगावर काटा येई, म्हणून त्यांनी विचार केला नाही. रोज तीन वाजता काका वाचनालयात गेले की त्या बसत, आणि साडेचारला झाकण घालून उठत. बाई अक्षरं मुळाक्षरांच्या क्रमाने शिकवत नसे, 'भ' तिच्याकडे अगदी शेवटी शेवटी आला.

आता चूक कुठे झाली ते सांगायला हवं. धडा संपला की बाई म्हणे, "हे वाक्य आता तुम्ही लिहून पाहा." कुठे लिहायचं ते सांगत नसे. पडद्याच्या वरच्या अंगाला एक लांबट पांढरी पट्टी होती आणि तिच्यात एक उभी रेघ लुकलुकत असे. काकूंना वाटलं, हीच आपली पाटी. काकांनी प्रत्येक बटणावर मराठी अक्षरांचे कागद चिकटवलेले होते. काकू एकेक अक्षर हुडकून त्या पट्टीत वाक्य लिहीत आणि शेवटी मोठं बटण ठोकत. ती पाटी नव्हती. ती साऱ्या जगाला प्रश्न विचारायची खिडकी होती. काका सहसा तिच्या वाटेला जात नसत, त्यांची ठरलेली पानं खुणेवरूनच उघडत. काकू गृहपाठ करत होत्या, आणि यंत्राला वाटत होतं की या बाईला काहीतरी हवंय.

'दार उघड,' असं काकूंनी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या बातम्यांच्या कडेला दारं येऊ लागली. लाकडी दारं, लोखंडी दारं, आपोआप बंद होणारी दारं.

"हल्ली पेपरात दारं फार झाली," काका म्हणाले.

काकूंनी 'दिवा विझला' लिहिलं तर दिवे आले. 'दादा घरी आला नाही' लिहिलं तर एका चष्मेवाल्या माणसाचं चित्र आलं: हरवलेली माणसं शोधून देऊ. काका जिथे जात तिथे तो माणूस आधीच येऊन बसलेला असे. हवामान बघायला गेले तर तिथे, शब्दकोडं उघडलं तर तिथे. काकू भाजी निवडता निवडता मान वळवत, तर तो त्यांच्याकडेच बघत असे.

आणि मग ती सकाळ आली. काका अग्रलेख वाचत होते. काकू मागे उभ्या होत्या. कडेला एक चौकोन लुकलुकत होता, त्यात काकूंच्याच वयाची एक बाई होती आणि तिच्या डोक्यावर अक्षरं होती. काकूंनी ती वाचायची असं ठरवलं नव्हतं. अक्षरंच एकमेकांना धरून पुढे आली. वा-च-ता. ये-त. ना-ही. कु-णा-ला-ही. क-ळ-णा-र. ना-ही.

धड्याबाहेरचं, स्वतःच्या बळावर काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा काही वाचलं, ते हे. स्वतःचंच गुपित. नवऱ्याच्या पडद्यावर. काका पान खाली सरकवत होते आणि तो चौकोन त्यांच्याबरोबर खाली सरकत होता, ओळखीचं कुत्रं चालावं तसा. काकांचं लक्ष गेलं की नाही, कळलं नाही. अग्रलेखाच्या मध्येच ते थांबले, घसा खाकरला आणि पुढे वाचू लागले.

काकूंनी त्याच दिवशी कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली गाठली.

"माझी एक मैत्रीण आहे," काकू म्हणाल्या.

"असते प्रत्येकीची," झेरॉक्सवाली म्हणाली. "काय झालंय तिला?"

काकूंनी सांगितलं. झेरॉक्सवालीने यंत्राचं झाकण आपटून बंद केलं. "कुकी. दुसरं काही नाही. हे बघा काकू, तुम्ही बाजारात गेलात. प्रत्येक दुकानदार तुमच्या नकळत तुमच्या पिशवीत एक चिठ्ठी टाकतो. ही बाई अमुक दिवशी आली, तमुक वस्तूला हात लावला, इतका वेळ थांबली. पुढच्या खेपेला तुम्ही गेलात की तो आधी पिशवीतली चिठ्ठी वाचतो आणि मग म्हणतो, या काकू, कंबर कशी आहे? त्या चिठ्ठीला म्हणायचं कुकी."

"आणि पिशवीत अशा चिठ्ठ्या किती असतील?"

"मैत्रिणीच्या? असतील तीन-चारशे."

काकूंनी नकळत हातातली पिशवी घट्ट धरली. आपल्याच पिशवीत, आपल्याच विषयीच्या तीन-चारशे चिठ्ठ्या, आणि सगळ्या जगाला त्या वाचता येतात, एक आपल्यालाच येत नाहीत. तसं पाहिलं तर यात नवीन काहीच नव्हतं. जन्मभर असंच तर चाललं होतं.

झेरॉक्सवालीने कोऱ्या कागदावर वाट काढून दिली. शब्द नव्हते, नुसती चित्रं: तीन टिंबं, मग दातेरी चक्र, मग कुलूप, आणि शेवटी केराची टोपली. "मैत्रिणीला म्हणावं, टोपलीवर टिचकी मारायची. पण नाव नीट वाचून." आणि ती सहज काकूंकडे बघून हसली. काकूंना ते हसणं आवडलं नाही.

दुपारी काकू टिंबांतून चक्रात आणि चक्रातून कुलपात गेल्या. पुढे एक लांबलचक यादी निघाली. सगळी नावं इंग्रजीत. प्रत्येक नावापुढे एक इवलीशी टोपली. यातली बाई कोणती? काकूंनी डोकं चालवलं. जी आपल्याबद्दल सगळ्यांत जास्त बोलते, तिचं नाव सगळ्यांत लांब असणार. ज्या तीन नावांची शेपटी सगळ्यांत लांब होती ती त्यांनी टोपलीत घातली, झाकण घातलं, हात धुतले.

बाई गेली नाही. गेले ते काका.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तिवेतन कार्यालयाच्या पानाने काकांना विचारलं, आपण कोण? काकांनी नाव लिहिलं. पान म्हणालं, या यंत्रावर आपण पूर्वी कधी आलेला नाहीत. काका म्हणाले, रोज येतो. पान म्हणालं, आपल्या दूरध्वनीवर आकडा पाठवला आहे. तो दूरध्वनी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. नवा क्रमांक द्यायचा तर आधी आत यावं लागेल, असं पान म्हणालं, आणि आत यायचं तर आकडा सांगा. काका छत्री घेऊन कार्यालयात गेले.

"यंत्र तुम्हाला ओळखत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला.

"तुम्ही ओळखता ना? मी समोर उभा आहे."

"ते तुम्ही म्हणताय. हा अर्ज भरा."

काकांनी अर्ज भरला. भरता भरता त्यातल्या तीन चुकाही दुरुस्त केल्या. त्यावर कारकुनाने त्यांना चार नंबरच्या खिडकीत पाठवलं. चार नंबरची खिडकी जेवायला गेली होती, आणि जेवून आली तेव्हा खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही म्हणाली. काका संध्याकाळी घरी आले, खुर्चीत बसले आणि बूट न काढता म्हणाले, "मला आज कुणी ओळखलं नाही गं."

काकूंचा हात तोंडावर गेला. नवऱ्याला आपण नुसत्या टिचकीने जगातून पुसलं, असं त्यांना वाटलं. काकांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असू दे. चहा टाक."

इथवर गोष्ट घरात होती. ती चव्हाट्यावर आणली सेक्रेटरींनी.

इमारतीच्या नोटिसा काका टंकून देत, कारण दुसऱ्या कुणी टंकलेली नोटीस ते दुरुस्त केल्याशिवाय राहत नसत. शनिवारी सकाळी सेक्रेटरी, खालच्या मजल्यावरचे म्हातारे कंपाउंडर आणि वरच्या मजल्यावरची शिवणवाली अशी सगळी समिती टाकीच्या सफाईची नोटीस काढायला घरी जमली. काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. काकांनी झाकण काढलं, बटण दाबलं. पडदा उजळला. शुक्रवारी काकूंनी घाईत पान तसंच ठेवून झाकण घातलं होतं.

"आलात?" बाई म्हणाली. "मी वाट पाहत होते."

सेक्रेटरींनी उचललेला कप तोंडापासून चार बोटांवर थांबला.

"काल आपण मध्येच थांबलो," बाई म्हणाली. "आज पुन्हा म्हणू. भ. भय. भिंत. भिंतीमागे कोण आहे?"

सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळली. भिंतीमागे शिवणवालीच्या जावेचं स्वयंपाकघर होतं, पण त्या वेळी ते कुणाला आठवलं नाही.

पहिले बोलले काका. "भूत आहे," ते म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की काकूंनाही नवल वाटलं. छत्तीस वर्षांत छापखान्यात किती भुतं आली असतील, सगळ्यांवर या माणसाने लाल काट मारली होती.

"भूतबित काय, काका," सेक्रेटरी कोरड्या तोंडाने म्हणाले. "सरका, मी बघतो." त्यांनी खुर्ची ओढली आणि पांढऱ्या पट्टीत लिहायला घेतलं. नुसतं 'द' लिहिलं, तोच पट्टीखालून एकाखाली एक ओळी उघडल्या, दबा धरून बसल्यासारख्या.

दार उघड
दिवा विझला
दादा घरी आला नाही
दोघी विहिरीत बघतात

"कुणी लिहिलं हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कुणीच नाही," काका म्हणाले. "घरात आम्ही दोघंच. आणि हिचा चष्मा तर सापडतच नाही."

मग जे व्हायचं तेच झालं. इमारतीत सल्ल्याला तोटा नव्हता. कंपाउंडर म्हणाले, "व्हायरस आहे. पाच दिवसांचा कोर्स लागतो, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही." कसला कोर्स ते त्यांनी सांगितलं नाही, पण जाताना यंत्राच्या बाजूला हात लावून ताप पाहिला आणि "आहे" म्हणाले. शिवणवालीचं म्हणणं पडलं की आवाज बाईचा आहे, म्हणजे तिला काहीतरी सांगायचं राहिलंय. ती वाकून पडद्याला म्हणाली, "काय हवंय गं बाई तुला?"

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाली. "थोडं मोठ्यानं."

शिवणवाली जिना चढून गेली ती दोन दिवस खाली उतरली नाही.

सेक्रेटरींना मात्र भुताची नाही, लेटरहेडची काळजी होती. इमारतीच्या सगळ्या नोटिसा त्या यंत्रात. उद्या ही बाई इमारतीच्या नावाने काहीही काढेल. रीतसर तक्रार झाली पाहिजे. ते काकांना हाताला धरून पोलिसांच्या संगणक तक्रार कक्षात घेऊन गेले. तिथे अर्जात संशयिताचं नाव, वय आणि पत्ता असे तीन रकाने होते. काकांनी सुंदर अक्षरात लिहिलं: भूत. अज्ञात. नाही.

"भूत हा गुन्हा नाही, काका," तिथला हवालदार म्हणाला. "घुसखोरी लिहा."

"भूतच आहे," काका म्हणाले. "मी लेखी देतो."

"मग पत्ता लिहा."

"आमचाच," काका म्हणाले, आणि हवालदाराने कपाळाला हात लावला. पण सेक्रेटरी हटून बसले, तेव्हा ठरलं की गुरुवारी सकाळी अकरा वाजता तपासणीच्या मॅडम घरी येतील, यंत्रात काय काय आहे ते सगळ्यांसमोर वाचतील आणि पंचनामा करतील.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या पोळपाट धूत होत्या. बराच वेळ त्या तो धूतच राहिल्या.

बुधवारी दुपारी काकांनी छत्री उचलली. "मी बाहेर जाऊन येतो," ते म्हणाले. "पाचच्या आत येत नाही." दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "पाच म्हणजे पाच. आधी नाही." मग यंत्राकडे न बघता म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही म्हणालेत. मी तर लावत नाहीच."

कडी लावून काकूंनी झाकण काढलं. काळ्या पडद्यात आधी त्यांचाच चेहरा दिसला, आणि चेहऱ्यामागे रिकामी खोली. त्यांनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. हे वळून पाहणं त्यांना नवीन नव्हतं. गेले अडीच महिने धडा गिरवताना मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाही वाटलं होतं.

तीन टिंबं. दातेरी चक्र. कुलूप. या खेपेला काकू चित्रांवर थांबल्या नाहीत. चित्रांशेजारी शब्द होते आणि ते मराठी होते. ते आधीही तिथे होते, पण तेव्हा काकूंनी ते भिंतीवरच्या डागांसारखे पाहिले होते. कु-की, त्यांनी वाचलं. कुकी! केवढासा शब्द, आणि केवढा घोर लावला मेल्याने. त्याखाली: स-र्-व. र डोक्यावर चढला की तो आधी म्हणायचा. सर्व. ह-ट-वा. सर्व हटवा. झालं. एक टिचकी, की बाई विसरेल, दारं विसरतील, चष्मेवाला विसरेल. आणि एकतीस धडे जातील. पुन्हा 'अ'. पुन्हा चोरून, पुन्हा कडी लावून.

बोट तसंच ठेवून त्यांनी शेजारचा शब्द वाचला, कारण आता डोळे त्यांचं ऐकत नव्हते, दिसेल ते वाचत होते. इ-ति-हा-स. त्यांना वाटलं, राजांचा असेल. म्हणून उघडला.

त्यांचाच निघाला. वरपासून खालपर्यंत त्यांची सगळी वाक्यं तारखेने मांडलेली होती. भिंतीमागे कोण आहे. दोघी विहिरीत बघतात. दार उघड. खाली खाली जावं तशी वाक्यं लहान होत गेली. घर बघ. नळ. मग नुसती अक्षरं, मग एकच 'अ', तोही पाच वेळा. हा पहिला दिवस. यादी इथे संपायला हवी होती.

संपली नव्हती. 'अ' च्या खाली, आदल्या दिवसाच्या तारखेला, एक ओळ होती. ती काकूंनी लिहिलेली नव्हती. त्यांच्या हाताखालून इतकं लांब वाक्य कधी गेलंच नव्हतं. काकू अक्षरावर बोट ठेवून वाचू लागल्या. पंख्याचा आवाज ऐकू येईनासा झाला.

मोठ्या माणसाला, मन न दुखावता, वाचायला कसे शिकवावे.

शेवटी ठळक पूर्णविराम होता. मध्ये दोन स्वल्पविराम, जिथल्या तिथे. त्या पट्टीत सारं जग लिहितं, आणि पूर्णविराम देणारा माणूस जगात एकच.

काकूंनी ती ओळ तीन वेळा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी दिसली, म्हणून तिसऱ्यांदा. आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे असं त्यांना अडीच महिने वाटत होतं. ते खोटं नव्हतं. आणि अडीच महिने तरी कसले. छत्तीस वर्षं ज्याने जगाची एक वेलांटी निसटू दिली नाही, त्याला उशीखालचे दोन-दोन चष्मे दिसले नसतील?

उद्या मॅडम हे सगळं मोठ्याने वाचणार. सेक्रेटरी ऐकणार, कंपाउंडर ऐकणार. ही ओळ वाचली की सगळ्यांना कळेल, काकांना सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यांनी पोलिसांना भूत लिहून दिलं, सही करून. ज्या माणसाने कुणाचं अशुद्ध चालवून घेतलं नाही त्याने बायकोपायी धडधडीत खोटं लिहिलं. लोक त्यांना हसले असते. काकूंना स्वतःला हसलेलं चाललं असतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि वाटल्याचं नवलही वाटलं.

ओळीच्या आधी एक छोटा चौकोन होता. काकूंनी त्यात खूण केली. न-क्-की? यंत्राने विचारलं. काकूंनी टिचकी मारली. तेवढी एकच ओळ गेली. बाकीचं सगळं त्यांनी जिथल्या तिथे ठेवलं आणि झाकण घातलं.

गुरुवारी अकराला मॅडम आल्या. त्यांना धुळीचं वावडं होतं. दर दोन वाक्यांनी शिंकत होत्या. समिती भिंतीपासून लांब उभी होती. शिवणवालीही, दाराच्या बाहेरच्या बाजूला. मॅडमनी यादी काढली आणि सपाट आवाजात वाचू लागल्या. "भिंतीमागे कोण आहे. दोघी विहिरीत बघतात. वाट संपली. दार उघड. तो हसला नाही." भर सकाळी खोलीत गारवा आल्यासारखा झाला. कंपाउंडरांनी स्वतःचीच नाडी धरली. काका यादीच्या टोकाकडे डोळे लावून होते, आणि टोक जसजसं जवळ येत होतं तसतसे पांढरे पडत होते. "अ. अ. अ. अ. अ," मॅडमनी वाचलं आणि शिंकल्या. "संपलं."

"संपलं?" काका म्हणाले.

"संपलं. कुणी लिहिलंय हे?"

"अर्जात दिलंय मी," काका घाईने म्हणाले. "भूत."

"काका, पंचनाम्यात भुताला रकाना नाही."

"मी लिहिलंय," काकू म्हणाल्या.

काका हसल्यासारखं करून म्हणाले, "हिचं ऐकू नका, हिला चष्म्याशिवाय—"

"चष्मे दोन आहेत मला," काकू म्हणाल्या. "वाचता येत नव्हतं. आता येतं. 'भ' पर्यंत. ती बाई मला शिकवते. तो माझा गृहपाठ आहे, चुकीच्या पाटीवर लिहिला एवढंच."

कंपाउंडरांना एकदम काहीतरी आठवलं. "वहिनी, मग मी बाटल्यांवर लिहून द्यायचो ते, दिवसातून किती वेळा, किती थेंब..."

"वासावरून ओळखत होते. कधी चुकले का?"

"नाही," कंपाउंडर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटल्यासारखी दिसली.

मॅडमनी अर्धं पान जबाब लिहिला आणि काकूंपुढे सरकवला. "वाचा आणि सही करा." मग त्यांच्या लक्षात आलं. "मी वाचून दाखवू का?"

"नको," काकू म्हणाल्या.

त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतलं, मोठ्याने. एकेक अक्षर वेगळं, एकेक शब्दाआधी थांबून. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. सपाट, सावकाश, श्वास न घेणारा. अगदी त्या बाईसारखा. खोलीतले सगळे त्यांच्याकडे असे बघत होते की जणू भिंतीमागचं कुणीतरी एकदाचं बाहेर आलं होतं. 'मी खालील सही करणार' इथवर ठीक गेलं. 'स्वेच्छेने' वर गाडी अडली. स... स्... काकूंनी तीनदा डोकं आपटलं. काकांचे ओठ हलले. जन्मभराची सवय, त्यांचा उजवा हात खिशातल्या पेनाकडेही गेला. मग त्यांनी तो हात वर आणला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. तसेच उभे राहिले, डोळे विस्फारून, जोडाक्षर फुटेपर्यंत.

"स्वे-च्छे-ने," काकू म्हणाल्या.

अर्ध्या पानाला अकरा मिनिटं लागली. तोवर कुणी बसलं नाही, आणि मॅडम एकदाही शिंकल्या नाहीत. शेवटी काकूंनी सही केली. आधीही करायच्या, पण तेव्हा ते चित्र असायचं.

सगळे गेल्यावर काका यंत्रापुढे बसले ते जेवायलाही उठेनात. यादी वर करत, खाली करत, शेवटच्या 'अ' पाशी जात आणि थांबत. अजून खाली काही आहे का बघत. चष्मा पुसत. पुन्हा वर जात. एकदा त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं, नीट, एखादा शब्द बरोबर आहे की नाही ते न कळल्यासारखं. काकूंनी त्यांना काय शोधताय असं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

घड्याळात तीन वाजले. काकूंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सरका," त्या म्हणाल्या. "माझी वेळ झाली."